ऑटिझमचं असेसमेंट, वय २२, आणि आईला सोबत न्यायचंय

खिडकीजवळची | ३ ऑगस्ट, रात्री ११:४८

नमस्कार. इथे पाच वर्षं नुसती वाचक आहे, तीही पाककृती आणि भटकंतीची. पहिलाच धागा असा काढावा लागेल असं वाटलं नव्हतं.

पुण्यात एमएस्सी स्टॅटिस्टिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घर सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. होस्टेलवर राहते. मार्क चांगले पडतात, हे आधीच सांगते, कारण पुढे प्रत्येक जण तेच विचारतो.

मेसमध्ये स्टीलची ताटं एकदम आपटायला लागली की मला समोरच्याचा आवाज येतो, पण शब्द लागत नाहीत. म्हणून मी मेस उघडते त्या मिनिटाला जाते, नाहीतर जातच नाही. गेल्या सेमिस्टरला दोन महिने माझं रात्रीचं जेवण म्हणजे दूध आणि पार्ले-जी. बोलताना डोळ्यांत बघायचं असतं हे मी नववीत शिकले, वर्गात बाई ओरडल्या म्हणून. तेव्हापासून दोन भुवयांच्या मध्ये बघते. कुणाला कळत नाही, पण त्यातच इतकं लक्ष जातं की बोलणं निसटतं. मागच्या व्हायवाला परीक्षक म्हणाले, "माझ्याकडे बघून उत्तर दे." मी बघितलं आणि उत्तर गेलं. सेंट्रल लिमिट थिअरम, जो मी झोपेतही सांगेन.

घरी हे सगळं नव्हतं का? असणार. पण घरी आईने माझ्याभोवती सगळं रचून ठेवलं होतं. माझी वाटी ठरलेली, माझा कोपरा ठरलेला, पाहुणे आले की "ती अभ्यास करतेय" हे वाक्यही ठरलेलं. इथे आल्यावर ते मखर निघालं.

एका सीनिअरने ऑटिझमची ऑनलाइन प्रश्नावली दिली. ५० पैकी ३८ आले, आणि ३२ च्या वर असेल तर तज्ज्ञांना दाखवा असं खाली लिहिलं होतं. कॉलेजच्या समुपदेशकांकडे गेले. "इतके छान मार्क आहेत, मैत्रिणी आहेत, ऑटिझम असता तर इथपर्यंत आली असतीस का? रील्स कमी बघ." बारा मिनिटांत बाहेर.

मोठ्या माणसांचं असेसमेंट नक्की कोण करतं? अपंगत्वाचं सरकारी प्रमाणपत्र आणि हे एकच का? आणि मुख्य म्हणजे, आईवडिलांना बोलावतात असं वाचलंय. घरी स्थळं बघायला सुरुवात झाली आहे. आईला काय म्हणून बोलावू?

निम्मा_कप | ४ ऑगस्ट, सकाळी ७:१०

आधी जेवणाचं बघ गं. दोन महिने दूध-बिस्किटं? आमच्या होस्टेलला सिक डाएटचं रजिस्टर असायचं. नाव लिहिलं की डबा खोलीवर. काय आजार आहे ते कुणी विचारत नसे. रेक्टर मॅडमना विचार आणि आजच विचार. आणि रात्री अगदीच नको नको वाटलं तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात. मी एकदा केलाय, म्हणून सांगते.

तिरकस | ४ ऑगस्ट, सकाळी ९:३२

हल्ली कुणी अबोल असलं की ऑटिझम, कुणी विसरलं की एडीएचडी. आमच्या वर्गात असे चार जण होते. एक आज बँकेत मॅनेजर आहे, एक सीए. कुणाचं असेसमेंट झालं नव्हतं. मुली, तू हुशार आहेस आणि जरा लाजरी आहेस, एवढंच. शिक्का एकदा बसला की निघत नाही, लग्नाच्या बाजारात तर नाहीच नाही. कृपया हलके घ्या.

सांगलीकर_८२ | ४ ऑगस्ट, सकाळी १०:०५

तिरकसराव, चार होते म्हणालात आणि दोघांचंच सांगितलंत. उरलेले दोघे?

तिरकस | ४ ऑगस्ट, सकाळी १०:४०

एकाने इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं. दुसऱ्याचं माहीत नाही.

पेठेतली_मांजर | ४ ऑगस्ट, सकाळी १०:५१

:|

द्राक्षाचा_मळा | ४ ऑगस्ट, दुपारी ३:२०

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, नाशिकला. धाग्यावर कुणाचं निदान करता येत नाही आणि करणारही नाही. पण असेसमेंट म्हणजे काय, ते सांगते, कारण लोक घाबरतात ते बहुतेक काही माहीत नसल्यामुळे.

ऑटिझमसाठी रक्ताची तपासणी नाही, एमआरआय नाही. निदान होतं ते तुमच्या आजच्या वागण्यावरून आणि लहानपणच्या हकिकतीवरून. ते मानसोपचारतज्ज्ञ करतात किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. सायकॉलॉजिस्टकडे जाणार असाल तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा नोंदणी क्रमांक बिनधास्त विचारा. राग आला तर दुसरीकडे जा. आणि फोनवरच विचारा, "तुम्ही प्रौढांचं बघता का?" आपल्याकडे बहुतेकांचा अनुभव लहान मुलांचा आहे. समोर बावीस वर्षांची, नीट बोलणारी मुलगी बसली की त्यांनाही गोंधळायला होतं.

ऑनलाइन प्रश्नावलीबद्दल. ५० प्रश्नांची जी भरलीत ती केंब्रिजच्या गटाने २००१ साली प्रसिद्ध केली. त्यांच्या अभ्यासात ऑटिझम असलेल्या सुमारे ८० टक्के प्रौढांना ३२ किंवा जास्त गुण होते, इतर लोकांत फक्त २ टक्क्यांना. आकडा भारी दिसतो, पण नुसती लोकांची भीती वाटणाऱ्या माणसालाही त्यात बरेच गुण पडतात. ती चाळणी आहे. चाळणीत राहिलं ते सगळं खडेच असतं असं नाही.

आता "मार्क चांगले आहेत मग ऑटिझम कसा" याबद्दल. २०१३ पासून वापरात असलेल्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानाच्या नियमावलीत स्पष्ट म्हटलंय की लक्षणं लहानपणापासून असावी लागतात, पण समाजाच्या अपेक्षा झेपेनाशा होईपर्यंत ती पूर्ण दिसतीलच असं नाही, किंवा शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली ती झाकलेली असू शकतात. तुम्ही मखर म्हणालात. अगदी तेच. होस्टेल, मेस, ग्रुप प्रोजेक्ट, व्हायवा हे सगळं एकाच वर्षात अंगावर येतं आणि झाकलेलं उघडं पडतं. मुलींचं तर जास्तच, कारण गप्प मुलीबद्दल शाळेतून तक्रार येत नाही. गप्प मुलीचं कौतुक होतं.

आई लागते ती यासाठी. तीन-चार वर्षांच्या असताना तुम्ही कशा होतात हे तुम्हाला आठवणार नाही. आई नसेल तर काम अडत नाही, पण असेल तर पायवाटेचा रस्ता होतो. एक कळकळीची विनंती: आईला इंटरनेटवरच्या लक्षणांची यादी आधी वाचून दाखवू नका. आठवणींना त्या यादीचा रंग चढतो. शाळेची प्रगतीपुस्तकं मात्र शोधून ठेवा. गुण नकोत, शेऱ्यांचा रकाना हवा.

चिकूची_आई | ४ ऑगस्ट, रात्री १०:१५

दोनदा लिहून पुसलं.

माझा मुलगा १४ वर्षांचा आहे. बोलत नाही. अडीच वर्षांचा असताना निदान झालं. रात्री दोनला उठून गच्चीकडे धावतो म्हणून आमच्या दाराला आतून दोन कुलपं आहेत. धागा उघडला तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, एमएस्सीचे मार्क आणि माझा चिकू, दोघांना एकच शब्द? खोटं कशाला बोलू, चीड आली.

मग ताटांचं वाचलं. चिकूला कुकरच्या शिट्टीचं तसंच होतं. तो कानावर हात ठेवून जमिनीवर बसतो आणि तू मेसला जात नाहीस. तो सांगू शकत नाही आत काय होतं. तू लिहिलंस, "आवाज येतो पण शब्द लागत नाहीत." चौदा वर्षं मी विचार करतेय हा हाक मारल्यावर बघत का नाही. आज संध्याकाळी मिक्सर बंद करून हाक मारली. लगेच बघितलं असं नाही हो झालं, पण मिक्सर बंद ठेवणार आहे.

तिरकस यांना: शिक्का लग्नाच्या बाजारात निघत नाही हे खरं. पण शिक्का नसताना शाळेने आम्हाला "लाडावलेला आहे" असं लिहून दिलं होतं. तोही शिक्काच होता.

अनुस्वार | ५ ऑगस्ट, सकाळी ८:४४

थोडं अवांतर. मराठीत 'स्वमग्नता' हा शब्द रूढ झालाय. मला तो खटकतो. स्वतःत मग्न असणं म्हणजे जणू मजेत असणं, बाहेरच्यांची पर्वा नसणं. धागाकर्ती तर उलट भुवयांच्या मध्ये बघून दमलीय.

पण दोष मराठीचा नाही. ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने १९११ मध्ये मूळ शब्द घडवला तोच ग्रीक 'ऑटोस', म्हणजे स्वतः, यावरून; आणि तोही स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी. १९४३ साली लिओ कॅनर यांनी ११ मुलांबद्दल लिहिलं तेव्हा तोच शब्द उचलला. आपण भाषांतर इमानदारीने केलं, पण ज्याचं केलं ते नावच चुकलेलं. त्या ११ मुलांत ८ मुलगे आणि ३ मुली होत्या. हा मुलग्यांचाच विकार आहे हा समज तेव्हापासून पक्का होत गेला असावा, असं आपलं माझं मत.

चिकूची_आई | ५ ऑगस्ट, सकाळी ९:०२

आमच्या चाळीत 'स्वमग्न' म्हटलं की लोकांना वाटतं ध्यानधारणा करतो. ऑटिझमच म्हणते मी.

बंदरावरचा | ५ ऑगस्ट, संध्याकाळी ६:३०

मूळचा रत्नागिरीचा, सध्या इंग्लंडात पीएचडी. माझं निदान इथेच झालं, २६ व्या वर्षी. इथे आधी जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे जायचं, तो पुढे पाठवतो. सरकारी रांग इतकी लांब की माझी स्कॉलरशिप आधी संपली असती. इंग्लंडमध्ये 'राइट टू चूज' नावाची सोय आहे; एनएचएसच्याच, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्याच खर्चाने दुसरी मान्य संस्था निवडता येते. त्यातूनही वर्ष गेलं. २०१० च्या समानता कायद्यामुळे विद्यापीठाला वाजवी बदल करावे लागतात, ते मात्र मिळाले: लहान खोलीत परीक्षा, प्रेझेंटेशनचे प्रश्न आधी लेखी. अपंग विद्यार्थ्यांचा सरकारी भत्ता आहे, पण तो आपल्यासारख्या परदेशी विद्यार्थ्यांना नाही. कुणी येणार असेल तर त्या आशेवर येऊ नका.

आईची मुलाखत व्हिडिओ कॉलवर झाली, दुभाषा मीच (हे खरं तर करू नये). असेसमेंट करणाऱ्या बाई विचारतात, "लहानपणी तो एखादी गोष्ट दाखवायला बोट करायचा का?" आई म्हणाली, "नाही. माणसांकडे बोट दाखवू नये असं आम्हीच शिकवलं होतं." पुढचा प्रश्न, "मोठ्यांशी बोलताना नजर मिळवायचा का?" आई, "मोठ्यांशी नजर? आमच्या घरात?" बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी प्रश्न बदलले: विमान गेलं की तुम्हाला दाखवायला यायचा का, पडला की कुणाकडे धावायचा. तिथे आई एकदम गप्प झाली. पडला की तसाच उठून खेळायचा, रक्त दुसऱ्या कुणाला दिसायचं, असं म्हणाली.

म्हणून जमेल तर मराठी बोलणारं माणूस शोध. पुण्यात आहेस, सोपं पडेल.

एसटीतला_सहप्रवासी | ६ ऑगस्ट, दुपारी १२:१२

माझं उलटं झालं, तेही नोंदवतो. तिसऱ्या वर्षाला असताना मला शंभर टक्के खात्री होती की मी ऑटिस्टिक आहे. फोरम वाचले, व्हिडिओ बघितले, मित्रांना सांगूनही टाकलं. तीन बैठकांनंतर मॅडम म्हणाल्या, ऑटिझम दिसत नाही, सामाजिक भीती तीव्र आहे. सातवीपर्यंत मी गल्लीतला दंगेखोर पोरगा होतो, नाटकात काम केलेलं, सगळं आईने सांगितलं. आठवीत शाळा बदलली, तिथे जे झालं त्यानंतर गप्प झालो. आठवडाभर मला फसवल्यासारखं वाटलं. मित्रांना पुन्हा काय सांगू, याचीच लाज जास्त.

पण उपचार भीतीवर सुरू झाले आणि लागू पडले. उत्तर 'नाही' आलं तरी फी फुकट जात नाही.

खिडकीजवळची | १९ ऑगस्ट, रात्री ९:५५

सगळ्यांना धन्यवाद, उत्तर द्यायला उशीर झाला. प्रतिसाद रोज वाचत होते, लिहिताना मात्र प्रत्येकाला वेगळं काय लिहू हे ठरत नव्हतं.

जेवणाचं झालं. रेक्टर मॅडमनी एक ओळ लिहून घेतली आणि डबा सुरू केला.

एका सरकारी रुग्णालयात गेले. केसपेपरची रांग, मग मानसोपचाराची ओपीडी. तिथले निवासी डॉक्टर भले होते, पण म्हणाले ऑटिझमचं मूल कुठे आहे? मी म्हटलं मीच. ते दोन सेकंद थांबले. मग म्हणाले, आमच्याकडचा फॉर्म मुलांचा आहे, मंगळवारी मॅडम असतात त्यांना भेट. मंगळवारी मॅडम रजेवर. त्या बाकावर तीन तास बसले तेव्हा पंख्याच्या आवाजात एक ठोका चुकतोय हे कळलं, दर नवव्या फेरीला. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे सांगते.

आता एका खाजगी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे वेळ घेतली आहे. नोंदणी क्रमांक विचारला. रागावल्या नाहीत, वर "चांगलं केलंस" म्हणाल्या. तीन बैठका, मिळून नऊ हजार. स्कॉलरशिपचे पैसे साठवलेले आहेत. दुसऱ्या बैठकीला आई हवी.

प्रमाणपत्राचं कुणी सांगेल का?

कलमदान | १९ ऑगस्ट, रात्री ११:२०

एलएलबीला आहे आणि माझ्या भावाचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) मीच काढलं, म्हणून दोन्ही बाजू थोड्या ठाऊक आहेत.

निदान आणि प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी. निदान डॉक्टर किंवा सायकॉलॉजिस्ट करतात, ते तुझ्याकडे राहतं. प्रमाणपत्र सरकारी वैद्यकीय यंत्रणा देते, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती आणि ऑटिझम त्यात नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ झाली, त्यात तो आला. कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव, सरकारी नोकरीत ४ टक्के. नोकरीतल्या त्या ४ पैकी एकच टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार अशा सगळ्यांत मिळून आहे, तेव्हा फार हुरळून जाऊ नये.

टक्के मोजायला इसा नावाचं भारतीय मोजमाप आहे, सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत तयार झालेलं. ४० प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ गुण. म्हणजे कुणालाही ४० तर पडणारच, कमाल २००. ७० च्या खाली ऑटिझम नाही असं धरतात.

द्राक्षाचा_मळा | २० ऑगस्ट, सकाळी ८:०५

यात एक भर. इसातले बरेच प्रश्न लहान मुलाकडे बघून लिहिल्यासारखे आहेत: हात फडफडवणं, शब्द पुन्हा पुन्हा म्हणणं, अशी दिसणारी वागणूक. तुमच्यासारख्या झाकायला शिकलेल्या प्रौढ व्यक्तीचे गुण ७० च्या आतबाहेर घुटमळतात. त्यामुळे निदान हातात असून प्रमाणपत्र मिळत नाही असं होऊ शकतं. तेव्हा निदानच खोटं होतं असं समजून खचू नका. मोजपट्टी आखूड आहे.

कलमदान | २० ऑगस्ट, सकाळी ८:४०

बरोबर. आणि ४० टक्क्यांच्या खाली असलं की सगळेच दरवाजे बंद होतात असंही नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही. वाजवी सोय हा आरक्षणापेक्षा वेगळा हक्क आहे. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये ४० टक्क्यांच्या आतल्यांसाठीही परीक्षेची मार्गदर्शक तत्त्वं निघाली, मात्र त्यात लिहिण्यात अडचण असल्याचा दाखला मागितला होता. तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. तुझी अडचण लिहिण्याची नाही, आवाजाची आणि व्हायवाची आहे. त्यावर या कागदांत सरळ ओळ सापडणार नाही. विभागप्रमुखांशीच बोलावं लागेल. कॉलेजचा समान संधी कक्ष असेल तर त्यांनाही पत्र दे, तोंडी नको.

तिरकस | २० ऑगस्ट, दुपारी १:१५

वाचतोय. जादा वेळेचं माहीत नव्हतं. ज्याने इंजिनिअरिंग सोडलं असं लिहिलं होतं, तो माझा चुलतभाऊ. त्याची तोंडी परीक्षाच राहायची, दरवेळी. लेखी सगळी सुटलेली असायची.

खिडकीजवळची | २ सप्टेंबर, रात्री १०:३०

गणपतीला घरी गेले होते. आईला सांगितलं.

ठरवून गेले होते की फोनवर सांगायचं नाही आणि खोटंही नाही. गौरीच्या आदल्या रात्री आई पुरण वाटत होती. मी म्हटलं, पुण्यात एका मॅडमकडे जातेय, मला लोकांत त्रास का होतो ते त्या बघतायत, त्यांना माझ्या लहानपणाबद्दल विचारायचंय. तू सांगशील का?

आई म्हणाली, "काय सांगायचंय त्यात? शहाणी होतीस. तुझा काडीचा त्रास नव्हता." थोडं पुरण फिरवून, "फक्त वरण भाताला लागलेलं चालायचं नाही तुला. म्हणून तर ती वेगळी वाटी." मी काही बोलले नाही (द्राक्षाचा मळा यांचं ऐकून). "आणि फक्त ते फुगे. आणि फक्त शाळेतून आलीस की तासभर कपाटाच्या मागे बसायचीस, तुझी आजी म्हणायची बाहेरचं लागलंय, मी म्हटलं बसू दे. आणि फक्त नवीन फ्रॉकची आतली चिठ्ठी कापून द्यायला लागायची, नाहीतर रडून घर डोक्यावर."

पुरण संपेपर्यंत आई 'फक्त' म्हणत होती.

मग विचारलं, "हे मॅडमना सांगितलं तर तुझं काही वाईट होईल का?" मी म्हटलं नाही. "बाबांना कळवायचं?" मी म्हटलं तू ठरव. ती म्हणाली, आधी मला येऊ दे.

निम्मा_कप | २ सप्टेंबर, रात्री १०:४४

आईला माझा नमस्कार सांग.

उशिरा_आलेला | ३ सप्टेंबर, सकाळी ६:५०

वय ४४. मुलाचं असेसमेंट चालू होतं, फॉर्मवरचे प्रश्न बायको वाचत होती आणि प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे बघत होती. पुढचं सांगायला नको. माझ्या आईला विचारायची वेळ आली तेव्हा ती स्मृतिभ्रंशात होती; मला ओळखत नव्हती, पण मी लहानपणी एसटीचं वेळापत्रक पाठ म्हणायचो ते तिने डॉक्टरांसमोर म्हणून दाखवलं. कोल्हापूर-सांगली, सकाळच्या सगळ्या गाड्या. तेवढंच लिहायचं होतं. आता विचारता येतंय तर सगळं विचारून घे.

खिडकीजवळची | २८ सप्टेंबर, संध्याकाळी ७:१५

शेवटचं अपडेट.

आई पहाटेच्या एसटीने आली, प्लास्टिकच्या पिशवीत बालवाडीपासूनची सगळी प्रगतीपुस्तकं घेऊन. तिसरीच्या पुस्तकात शेरा आहे: "अत्यंत हुशार. मधल्या सुट्टीत वर्गातच बसते." पाचवीच्या पुस्तकात तोच, फक्त अक्षर वेगळं. मॅडमनी विचारलं, भातुकली खेळायची का? आई म्हणाली, "हो, खूप. भांडी लहान-मोठी लावायची, रंगाप्रमाणे लावायची. जेवण काही कधी झालं नाही."

माझ्या बैठकीत बोलणं, चित्रांवरून गोष्ट सांगणं, मैत्री म्हणजे तुझ्या मते काय असे प्रश्न. सोपे वाटतात, पण खोलीवर येऊन बारा तास झोपले. तिसऱ्या बैठकीला निष्कर्ष: ऑटिझम आहे, आणि त्यावर चिंतेचा थर आहे. नऊ पानांचा अहवाल. मला आनंद होईल असं वाटलं होतं. झाला नाही, रडूही आलं नाही. परत येताना चार नंबरच्या बसमध्ये खिडकी मिळाली, तेवढं बरं वाटलं.

विभागप्रमुखांना मॅडमचं पत्र दिलं. अंतर्गत व्हायवाला प्रश्न कागदावर मिळणार आणि मी कागदाकडे बघून उत्तर दिलं तरी चालेल, एवढं त्यांनी लगेच मान्य केलं. पेपरची जागा बदलण्याचं मात्र "विद्यापीठाच्या परीक्षेला प्रमाणपत्राशिवाय आमच्या हातात नाही" असं झालं. त्यासाठी अर्ज करेन, दिवाळीनंतर. समुपदेशकांकडे पुन्हा गेले नाही.

बाबांना अजून माहीत नाही. आईने मामाला सांगितलंय, यंदा स्थळं नकोत, तिची परीक्षा आहे. कुठली, ते कुणी विचारलं नाही.

चिकूची_आई | २८ सप्टेंबर, रात्री ८:०२

आईला माझा नंबर हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. नुसतं बोलायला.

नवीन_खातं | ११ ऑक्टोबर, रात्री १:२०

हा धागा वाचून खातं काढलं. माझंही असंच काहीतरी आहे, एफवायला आहे. पण आई नाही माझी. आजीने वाढवलं, ती ८१ वर्षांची आहे, गावाला असते. आजी चालते का?

द्राक्षाचा_मळा | ११ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

चालते. आत्या, मोठी बहीण, बालवाडीच्या बाई, कुणीही जवळून पाहिलेलं. आजींना प्रवास झेपत नसेल तर बरेच जण फोनवर बोलतात, वेळ घेतानाच विचारा. सकाळची वेळ मागा, त्यांच्या दुपारच्या झोपेआधी. आणि आजी विषय सोडून इतर गोष्टी सांगायला लागल्या तर थांबवू नका.

खिडकीजवळची | ११ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

फोटोही ने. माझ्या पहिल्या सहा वाढदिवसांच्या प्रत्येक फोटोत सगळी मुलं फुग्यांखाली आहेत आणि मी दारात, कानावर हात ठेवून. आईने ते फोटो वीस वर्षं अल्बममध्ये लावून ठेवलेत. मॅडमनी मोबाइलवर काढून घेतले.